आमचा डावा कान

घरांतला जुना गडी किती कामाचा होता हें तो गांवीं निघून गेल्यावांचून कळत नाहीं, असा अनुभव प्रत्येक गृहस्थास असतो. शरीरांतील चाकरांची गोष्ट याहून निराळी नाहीं. फरक असलाच तर इतका कीं, घरच्या गड्याचें निदान नांव तरी आपणांस ठाऊक असतें. शरीरांतल्या पुष्कळ चाकरांच्या नांवाचीहि आपणांस ओळख नसते. असा एक चाकर आमच्या डाव्या कानांत चोपन्न वर्षें बिनबोभाट राबत होता. त्याचें सारें काम आवाजाशीं, परंतु त्यानें स्वतः कधीं हूं कीं चूं केलें नाहीं. तो अंथरुणास खिळला तेव्हां आम्हांस त्याचा पत्ता लागला. आणि त्याच्या दोन महिन्यांच्या आजारपणांत आम्ही जें शिकलों, तें तीस वर्षें दुसऱ्यांस शिकवीत असतां आम्हांस कोणी शिकविलें नव्हतें. ती हकीकत वाचकांस सादर करावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

गेल्या श्रावणांतली गोष्ट. सकाळीं चूळ भरतांना पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यांतून गळूं लागलें. तो दोष वाढत्या वयाच्या पदरीं टाकून आम्ही चहाला येऊन बसलों. चहानेंहि तोच मार्ग धरला. आमच्या कुटुंबाचें लक्ष तोंडाकडे गेलें आणि तिच्या हातांतलें गाळणें हातांतच राहिलें.

"अहो, जरा हंसून दाखवा बघूं," ती म्हणाली.

तीस वर्षांच्या संसारांत ही फर्माईश नवी होती. आम्हीं ती मनापासून पुरी केली, तर तिचा चेहरा पांढराफटक पडला. आरशापाशीं गेलों तेव्हां उलगडा झाला. चेहऱ्याची उजवी बाजू हंसत होती आणि डावी बाजू शोकसभेस बसल्यासारखी निश्चल होती. डावा डोळा मिटूं गेलों, तो मिटेना. अर्धांगवायु हा शब्द दोघांच्याहि मनांत आला असावा. परंतु तो उच्चारण्याचें धैर्य कोणासच झालें नाहीं.

आमचा एक जुना विद्यार्थी, अकरावी-बारावीला आमच्यापाशीं इंग्रजी शिकून पुढें वैद्यकाकडे वळलेला, आतां कान, नाक व घसा यांचा तज्ज्ञ आहे. तो ज्या रुग्णालयांत काम करितो तेथें तासाभरांत जाऊन पोंचलों.

"सर, कपाळाला आठ्या घाला," तो म्हणाला.

ज्या आठ्यांच्या धाकानें हाच मुलगा एके काळीं मागच्या बांकावर जाऊन बसे, त्या आठ्या त्याच्या आज्ञेवरून घालण्याचा प्रसंग आला. उजवीकडे त्या पडल्या. डावीकडे कपाळ कोऱ्या कागदासारखें राहिलें. तें पाहून त्यानें सुटकेचा निःश्वास टाकला. त्याचें म्हणणें असें कीं, कपाळाच्या स्नायूंस मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम पोंचतात; म्हणून मेंदूंत बिघाड झाला तर तोंड वांकडें झालें तरी कपाळ बहुधा शाबूत राहतें. कपाळासकट सारी बाजू लुळी पडली, कीं मेंदू निर्दोष असून चेहऱ्याचा मज्जातंतूच वाटेंत सुजला असावा असें समजावें. हा मज्जातंतु कानामागच्या हाडांतील एका अरुंद बोगद्यांतून जातो; सुजला म्हणजे त्यास फुगावयास जागा उरत नाहीं. चार्ल्स बेल या स्कॉटिश शस्त्रवैद्यानें सन १८२१ मध्यें चेहऱ्याच्या मज्जातंतूंविषयीं आपला निबंध रॉयल सोसायटीपुढें मांडला. त्याच्या नांवावरून या दुखण्यास बेलचा पक्षाघात म्हणतात. दहांपैकीं सुमारे सात रोगी औषधावांचूनहि पूर्ण बरे होतात, आणि पहिल्या तीन दिवसांत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या तर तें प्रमाण आणखी वाढतें. गोळ्या, डोळ्यांत घालावयाचे थेंब आणि रात्रीं डोळ्यावर बांधावयाची पट्टी एवढी सामग्री घेऊन आम्ही घरीं परतलों. मरणाचें भय गेलें म्हणजे कुरूपतेचें भय मागें उरत नाहीं, असा त्या दिवसापुरता आमचा अनुभव आहे.

परंतु आमची खरी हकीकत चेहऱ्याची नसून कानाची आहे, आणि ती दुसऱ्या दिवशीं सुरू झाली. स्वयंपाकघरांत स्टीलचें एक झांकण ओट्यावर पडलें, तें आमच्या डाव्या कानांत पडलें असें वाटलें. दाराशीं रिक्षा उभी राहिली. तिच्या यंत्राची घरघर डाव्या कानाला अशी कांहीं जाणवूं लागली कीं ती जिन्यावरून वर येत आहे असा भास व्हावा. आमचें बिऱ्हाड पुण्यांत, मुठेच्या कांठापासून फारसें दूर नाहीं. गणेशोत्सव जवळ आला कीं ढोल-ताशांचीं पथकें नदीकांठीं सराव करूं लागतात. एरवीं तो आवाज आम्ही पुस्तकावरून मान वर न करितां सोसत आलों होतों. आतां ढोलाचा प्रत्येक ठोका डाव्या कानांत खुंटी ठोकल्यासारखा येऊं लागला. त्यांतहि एक विचित्र गोष्ट ध्यानांत आली. ताशा हा दोहोंतला कर्कश; बोचावयाचा तर तो बोचावा. परंतु बोचे तो घुमणारा ढोल. ताशाचा जाच पूर्वीं होता तितकाच राहिला. तोंड वांकडें होण्याचा आणि ढोल बोचण्याचा संबंध काय, हें कोडें घेऊन आम्ही पुन्हां आमच्या शिष्याकडे गेलों.

"सर, लोक माझ्याकडे कमी ऐकूं येतंय म्हणून येतात. तुम्ही जास्त ऐकूं येतंय म्हणून आलांत," असें म्हणून त्यानें कागद पुढें ओढला व आकृति काढावयास सुरुवात केली. पूर्वीं फळ्यापाशीं आम्ही आणि बांकावर तो, अशी व्यवस्था असे. ती उलटली याचें आम्हांस वाईट वाटलें नाहीं. तो चांगलें शिकवितो.

कानाच्या पडद्याच्या आंत एक इवलीशी खोली आहे. तींत तीन हाडें एकास एक जोडून टांगलेलीं आहेत. आकारावरून त्यांस हातोडी, ऐरण आणि रिकीब अशीं नांवें आहेत. पडदा हलला कीं हातोडी हलते, हातोडी ऐरणीस हलविते, ऐरण रिकिबीस. आणि रिकिबीचा तळ शंखासारख्या वळलेल्या अंतःकर्णाच्या खिडकींत दट्ट्यासारखा आंतबाहेर होतो. रिकीब हें शरीरांतील सर्वांत लहान हाड. त्याची उंची तीन मिलिमीटरांच्या आसपास. या हाडास एक स्नायु बांधलेला आहे, आणि हाडांस बांधलेल्या साऱ्या स्नायूंत तोहि सर्वांत लहान आहे. मोठा आवाज झाला कीं हा स्नायु आखडतो, रिकिबीस बाजूला ओढून ताठ धरतो, आणि आंत शिरणाऱ्या आवाजाचा जोर कमी करितो. रिकिबीस लगाम लावण्याचा हा प्रकार अश्वविद्येंत बसणारा नाहीं. परंतु निसर्गानें तो केला आहे खरा.

आतां या स्नायूकडे हुकूम घेऊन जाणारा तंतु म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूचीच एक बारीक शाखा होय. ज्या वाटेनें हंसण्याचा हुकूम ओंठाकडे जातो, त्याच वाटेच्या एका फांट्यानें आवाज आवरण्याचा हुकूम कानाकडे जातो. ही सोयरीक वरवर पाहतां चमत्कारिक वाटते, परंतु ती गर्भांत ठरलेली आहे. गर्भाच्या मानेपाशीं कमानीसारख्या ज्या घड्या असतात, त्यांतील दुसरीपासून चेहऱ्याचे स्नायु, रिकिबीचा बहुतेक भाग आणि तिचा स्नायु हीं सारीं घडतात. हातोडी आणि ऐरण यांचा संबंध पहिल्या कमानीशीं, म्हणजे जबड्याच्या घराण्याशीं, आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांत जीं हाडें जबड्याच्या सांध्यांत दिसतात तींच सस्तन प्राण्यांच्या कानांत येऊन बसलीं, याचा पाया रायखर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें सन १८३७ मध्यें घातला. हातोडीलाहि तिचा स्वतःचा एक स्नायु आहे. त्यास हुकूम जातो तो जबड्याच्या मज्जातंतूमार्फत. आमचा तो स्नायु धड होता. परंतु मनुष्यांत तो घांस चावतांना, गिळतांना किंवा एकाएकीं दचकलें असतां हलतो. मोठ्या आवाजाचा बंदोबस्त मुख्यत्वें रिकिबीच्या स्नायूकडेच असतो.

ढोलाचें कोडेंहि येथेंच सुटलें. रिकीब ताठ धरली म्हणजे खालचे स्वर अडतात, वरचे स्वर मात्र फारसे न अडतां आंत जातात. सेकंदास हजार-दीड हजार कंपनांच्या खालच्या आवाजावरच या पहारेकऱ्याची हुकमत. तो रजेवर गेल्याबरोबर ढोल आंत घुसला. ताशाला पूर्वींहि त्याची विशेष अडवणूक नव्हतीच.

त्यानंतर आमची एक परीक्षा झाली, ती आम्हांस फार आवडली. डाव्या कानांत एक लहानसें बूच घालून त्यांतून पडद्याचा ताठरपणा मोजतात. स्नायु आखडला कीं यंत्रावरची रेघ खालीं जाते. प्रथम डाव्या कानांत मोठा स्वर सोडला. रेघ हलली नाहीं. मग तोच स्वर उजव्या कानांत सोडला. डाव्या कानाची रेघ तरीहि हलली नाहीं. मग बूच उजव्या कानांत घातलें आणि स्वर डाव्या कानांत सोडला. तोंच उजव्या कानाची रेघ टपकन् खालीं आली. म्हणजे डावा कान ऐकत होता, वर्दी वर पोंचवीत होता, आणि त्याच्या वर्दीवरून उजव्या कानाचा पहारेकरी उभा राहत होता. केवळ त्याच्या स्वतःच्या दारावरचा पहारेकरी आडवा झाला होता. निरोगी मनुष्याच्या एका कानांत मोठा आवाज झाला तर दोन्ही कानांचे स्नायु आखडतात, ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. एकाच्या कानठळ्या बसल्या तर दुसऱ्यानें सावध व्हावें, इतका शेजारधर्म आमच्या डोक्याच्या दोन बाजूंत होता, आणि आमच्या इमारतीच्या दोन मजल्यांत तो नव्हता, हा विचार त्या क्षणींहि मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

आजारी मनुष्यास आपल्या रोगाविषयीं वाचण्याचा छंद लागतो. वैद्य त्यास भितात. परंतु आमच्या शिष्यानें उलट आम्हांस वाचावयास दिलें. जर्मनींत हेन्सेन यानें सन १८७८ मध्यें कुत्र्याच्या कानांतील हे स्नायु आवाज होतांच हलतांना पाहिले. मनुष्याच्या कानांत तें दृश्य सन १९२९ मध्यें लुशर यानें पाहिलें. रोग्याच्या पडद्यास भोंक पडलेलें होतें, त्या भोंकांतून रिकिबीच्या स्नायूची हालचाल त्यास दिसली. पुढें सन १९४६ मध्यें डेन्मार्कमधील मेट्झ यानें पडद्याचा ताठरपणा बाहेरून मोजण्याची युक्ति या कामीं लावली. आमच्या कानांत जें बूच घातलें त्याचा वंश तेथून सुरू होतो.

परंतु आमचें मन सर्वांत अधिक गुंतलें तें हुकूम देणाऱ्या मज्जापेशींत. आवाजाची वर्दी शंखांतून निघून श्रवणाच्या मज्जातंतूनें मेंदूच्या देठांत जाते. तेथें दोन-तीन ठाणीं ओलांडते आणि रिकिबीच्या स्नायूच्या पेशींपर्यंत पोंचते. विचार करणारा मोठा मेंदू या व्यवहारांत विचारलाच जात नाहीं. सन १९८० नंतरच्या दशकांत बॉस्टन येथील ईटन-पीबॉडी प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं मांजराच्या या पेशींचा शोध घेतला. एवढ्याशा स्नायूच्या सेवेस हजाराहून अधिक पेशी असल्याचें त्यांस आढळलें. चेहऱ्याच्या स्नायूंच्या पेशींचा जो पुंजका आहे त्याच्या आंत न बसतां त्या त्याच्या भोंवतीं लहान लहान टोळ्या करून राहतात. मग एकेका पेशीच्या तंतूचा कानोसा घेऊन, कोणती पेशी कोणत्या आवाजानें जागी होते तें पाहिलें. तेव्हां चार जाती दिसल्या. कांहीं पेशी आपल्याच बाजूच्या कानांतल्या आवाजानें जाग्या होतात. कांहीं केवळ पलीकडच्या कानांतल्या आवाजानें. कांहींस कोणताहि एक कान पुरतो. आणि कांहीं अशा कीं, दोन्ही कानांत आवाज झाल्यावांचून त्या हालतच नाहींत.

हें वाचतांच आमच्या महाविद्यालयाची सभा आमच्या डोळ्यांपुढें उभी राहिली. आपल्या विभागाचें नांव निघेपर्यंत जे डोळे उघडत नाहींत ते सद्गृहस्थ. दुसऱ्याच्या विभागांत कांहीं निघालें म्हणजेच ज्यांस कंठ फुटतो ते. कशावरहि उठून उभे राहणारे. आणि दोन्ही पक्ष ओरडूं लागल्यावर मग सावकाश चष्मा पुसणारे. या चौघांवांचून सभा पुरी होत नाहीं, हें आम्हांस ठाऊक होतें. ऐकण्याचें कामहि याच चौघांनीं चालतें, हें नवें होतें. दुसरी गोष्ट याहून नवलाची. इतर स्नायूंच्या पेशी कामावर येतात त्या बहुधा ठराविक क्रमानें, प्रथम लहान आणि मग मोठ्या. या पेशींत मात्र आवाज कोणत्या कानाकडून आला त्यावर कोणी आधीं उठावें हें ठरतें. म्हणजे 'किती मोठा?' एवढ्याच प्रश्नावर हें खातें चालत नाहीं, 'कोणीकडून?' हा प्रश्नहि तेथें विचारला जातो.

या पहारेकऱ्याच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. तो सहजासहजीं उठत नाहीं. शुद्ध स्वर असेल तर त्याचा जोर ऐंशी-पंचाऐंशी डेसिबलांच्या आसपास गेल्यावर तो जागा होतो. सामान्य बोलणें साठांच्या घरांत असतें. सन २००० च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत वस्तीच्या भागास दिवसा पंचावन्न आणि रात्रीं पंचेचाळीस डेसिबलांची मर्यादा घातलेली आहे. म्हणजे कायदा जेथें संपतो त्याच्या पुष्कळ पुढें आमचा पहारेकरी सुरू होतो. आणि उत्सवांतला गोंगाट त्या दोघांसहि मागें टाकून जातो. शिवाय तो थोडा मंद आहे. जेमतेम जाग आणणारा आवाज असेल तर त्यास आखडावयास सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो. आवाज फार मोठा असला तर चाळिसावा भाग. बंदुकीचा बार तेवढ्यांत कानांतून आरपार निघून गेलेला असतो. सन १९६० मध्यें अमेरिकेंत फ्लेचर व रिओपेल यांनीं बाराच्या क्षणभर आधीं एक स्वर वाजवून स्नायूस आगाऊ उठविलें, तेव्हां कानाची हानि कमी झाल्याचें दिसून आलें. संकट आधीं कळलें तरच पहारा उपयोगी, असा याचा अर्थ.

आणि येथेंच त्या गोष्टीशीं आम्ही येऊन ठेपलों, जिच्यासाठीं हा लेख लिहावा असें आम्हांस वाटलें. मनुष्याच्या आयुष्यांत असा एक मोठा आवाज आहे, जो केव्हां होणार हें त्यास नेहमींच आधीं कळतें. तो म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज.

वटवाघुळाची किंकाळी फार मोठी असते, आणि तिचा प्रतिध्वनि फार बारीक. सन १९६५ मध्यें हेन्सन यानें दाखविलें कीं, वटवाघुळाच्या रिकिबीचा स्नायु किंकाळीच्या किंचित् आधींच आखडतो आणि ती संपतांच सैल पडूं लागतो. आपल्या किंकाळीनें आपलाच कान बधिर होऊं नये व प्रतिध्वनि ऐकूं यावा म्हणून ही तजवीज. मनुष्याचीहि तीच तऱ्हा आहे. बोर्ग व झाक्रिसन या स्वीडनमधील संशोधकांनीं सन १९७५ मध्यें, बोलणाऱ्या मनुष्याच्या या स्नायूचें काम नोंदून, तो आवाज फुटण्यापूर्वींच जागा होतो असें दाखविलें. ओंठ हलण्याच्या आधीं कानाला निरोप पोंचलेला असतो कीं, "आतां साहेब बोलणार आहेत, दार ओढून घे." याच दोघांनीं आमच्यासारखे वांकड्या तोंडाचे रोगीहि तपासले होते. स्नायु लुळा असतां मोठ्यानें बोललेले शब्द त्या बाजूच्या कानास नीट ओळखूं येत नाहींत. ढोबळ खालचे स्वर वरच्या नाजुक स्वरांस झांकून टाकतात. पहारेकऱ्याचें काम केवळ राखणीचें नसून स्पष्टपणाचेंहि आहे, असें त्यावरून ठरतें.

आतां आमचा प्रसंग. दुखण्याच्या आठव्या कीं नवव्या दिवशीं आम्हीं बाहेरच्या खोलींतून चहासाठीं हांक मारली. अशी हांक आम्ही तीस वर्षें मारीत आलों आहों. त्या दिवशीं ती डाव्या कानांत पत्र्यासारखी वाजली. क्षणभर वाटलें, कोणी तिसराच मनुष्य आमच्या कानाशीं येऊन खेंकसला. आम्ही स्वयंपाकघरांत गेलों आणि आपण नेहमींच इतक्या मोठ्यानें बोलतों काय, असें कुटुंबास विचारलें. ती शेंगा सोलीत होती. तिनें मान वर केली नाहीं.

"मला सवय झालीय," ती म्हणाली. मग कांहीं वेळानें, "पोराला नाहीं झाली."

आमचे चिरंजीव पांच वर्षांपूर्वीं हातची बरी नोकरी सोडून बंगलोरास निघून गेले. नोकरी सोडण्याचा विचार त्यानें आमच्यापुढें मांडला त्या रात्रीं आम्ही त्याच्याशीं दोन तास बोललों. आमच्या आठवणींत त्या रात्रीचा युक्तिवाद होता. त्याचे मुद्दे होते, उपमुद्दे होते, एकदोन दृष्टान्तहि होते. मधेंच तो "बाबा, ओरडूं नका," असें म्हणाला होता, आणि "ओरडतंय कोण?" असें आम्हीं विचारलें होतें. तें आम्हीं प्रामाणिकपणें विचारलें होतें. आमच्या कानांपुरतें तेथें कोणीच ओरडत नव्हतें. तेव्हांपासून तो आईला फोन करितो. आमची प्रकृति तिला विचारतो.

सारा दोष तीन मिलिमीटरांच्या हाडाला बांधलेल्या स्नायूवर लादावा आणि आपण मोकळें व्हावें, इतके भाबडे आम्ही नाहीं. स्नायु खालच्या स्वरांचा जोर थोडा उणा करितो. वाक्यांतला चढेलपणा त्यानें घातलेला नसतो. आणि स्वतःचा आवाज सर्वांच्याच कानांत असा गाळून पोंचतो. सारेच कांहीं घरांत गर्जत नाहींत. परंतु एक विषमता त्या टांचणांत आम्हांस दिसली ती दृष्टीआड होईना. बोलणाऱ्याच्या कानाला सूचना आधीं मिळते. ऐकणाऱ्याच्या कानाला ती घाव बसल्यावर मिळते, आणि तीहि घाव पुरेसा मोठा असेल तर. ज्या आवाजाला आम्ही साधें बोलणें म्हणत होतों, त्याची किंमत आमच्या कानांत एक आणि समोरच्याच्या कानांत दुसरी होती. तीस वर्षें व्याख्यानें देऊन आमचा आवाज मागच्या बांकापर्यंत जावयास शिकला होता. घरीं मागचें बांक नाहीं, हें त्यास कोणी सांगितलें नव्हतें. पहारेकरी पडला म्हणून, त्या दिवसांपुरता, आम्हीं आमचा आवाज निदान एका कानानें परक्यासारखा ऐकला. तो ऐकून आम्हांस भीति वाटली.

गणेशोत्सव आम्हीं खिडक्या लावून, डाव्या कानांत कापूस घालून काढला. त्या दिवसांत आम्ही हळू बोलत असूं; त्यांत सद्गुण कांहीं नव्हता, दुखत होतें म्हणून. दुसरा परिणाम असा झाला कीं घरांत इतर आवाज ऐकूं येऊं लागले. आमचें कुटुंब काम करितांना गुणगुणतें, हा शोध आम्हांस संसाराच्या एकतिसाव्या वर्षीं लागला.

नवरात्रांत डावी भुवई प्रथम हलली. मग ओंठाचा कोपरा. कोजागिरी झाल्यावर पुन्हां तें बूच कानांत घातलें, आणि डाव्या कानाची रेघ, पूर्वींइतकी नव्हे तरी स्पष्टपणें, खालीं आली. आमच्या शिष्यानें हात हातांत घेऊन अभिनंदन केलें. घरीं येतांना रस्त्यावरच्या गाड्या कानापासून एक पाऊल मागें सरकल्यासारख्या वाटल्या. झांकण पडलें तर तें ओट्यावरच पडूं लागलें. सारें पूर्ववत् झालें. आणि त्याबरोबर आमचा आवाजहि आम्हांस पुन्हां पूर्वींसारखा सौम्य आणि समंजस लागूं लागला. नेमकी हीच गोष्ट आम्हांस नको होती.

म्हणून घरांत आतां एक खूण ठरली आहे. आमचा स्वर चढला कीं कुटुंबानें हातांत जें असेल त्यानें टेबलावर एकदां टक् करावें. लाटणें असो, चमचा असो, चष्म्याची पेटी असो. पहिल्या आठवड्यांत त्या टेबलानें पुष्कळ सोसलें. तरी आमच्या कानांतल्या पहारेकऱ्याला जें साधत नाहीं तें तो आवाज साधतो; तो बोलणाऱ्याच्या बाजूचा नसून ऐकणाऱ्याच्या बाजूचा आहे.

दिवाळीच्या आधल्या रविवारीं आम्हीं बंगलोरास फोन केला. चिरंजीवानें प्रथम विचारलें, "आईला बरं नाहीं का?" आईला बरें आहे असें सांगितलें, मग आमच्या डाव्या कानाची हकीकत, येथें लिहिली आहे त्याहून पुष्कळ थोडक्यांत, सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. पूर्वीं ती जागा आम्हीं ताबडतोब भरून काढली असती. मग त्यानें त्याच्या कामाविषयीं सांगावयास सुरुवात केली. सुमारें वीस मिनिटें बोलणें झालें. त्यांत टेबलावर टक् झालें तें दोनदां.